साध्या पाण्याची ओळ

दिपाली मॅडमची पीएचडी बुडाली असती तर माझ्यामुळे बुडाली असती, हे आधीच सांगून टाकतो. लोक गोष्ट लांबवतात आणि शेवटी कबुली देतात. माझ्यात तेवढा धीर नाही.

मी मोहिउद्दीन. घाटंजीच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होतो. परिचर हा कागदावरचा शब्द झाला. खरं काम म्हणजे बाटल्या धुणं, बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं आणि एखाद्या कार्ट्यानं हातावर अ‍ॅसिड सांडून घेतलं की त्याला नळाखाली धरून ओरडणं. ओरडण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं. पाच प्राचार्य आले आणि गेले, पण माझ्या हातून एक बरणी कधी इकडची तिकडे झाली नाही. एप्रिलअखेर निवृत्ती होती. आता अब्रूनं दार ओढून घ्यायचं, एवढंच मनात होतं.

दिपाली मॅडम ढाणकीकडच्या. घरी कापूस, तूर, सोयाबीन. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायच्या, म्हणजे तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर घरी. पीएचडी झाली तर कुठेतरी पक्क्या जागेसाठी अर्ज तरी करता येणार होता. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून घेतली होती आणि जूनअखेर ती कायमची संपणार होती. तिसऱ्यांदा कोणी वाढवून देणार नव्हतं. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, पण प्रयोगशाळेत भिंतींपेक्षा मला जास्त ऐकू येतं.

फेब्रुवारीत त्यांनी टेबलावर चोवीस काचेच्या कुप्या मांडल्या. चार ओळी, एकेका ओळीत सहा. सगळ्यांत सारखीच पांढरी पूड, ग्लायसिन नावाची. पहिल्या ओळीत आपलं खायचं मीठ, दुसरीत पोटॅशियमचं, तिसरीत मॅग्नेशियमचं. चौथीत काहीच नाही. रोज सकाळी प्रत्येक कुपीत पन्नास मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घालायचं, म्हणजे आमच्या काचेच्या यंत्रात वाफ करून पुन्हा थंड केलेलं. मग कुप्या भट्टीत ठेवायच्या आणि संध्याकाळी वाळल्या की काढायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी. दहाएक दिवस मी पाहिलं. मग माझं डोकं फिरलं.

"मॅडम, काय करून राह्यले तुमी हे? रोज भिजवता, रोज वाळवता. पापड हायेत का?"

"चाचा, जीव कसा सुरू झाला असन ते पाहून राह्यली."

"ह्या कुपीत?"

"नाई हो. जीवाच्या लय आधीची गोष्ट हाय ही." त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर गोल काढले. "कोनीच नव्हतं तवा डबके होते. पानी भरे, उन्हानं वाळे, पुन्हा भरे. त्यात ह्या पुडीसारखे मणी पडेल होते. मण्याले मणी जुळला का साखळी होते. तुमच्या माह्या अंगातलं मांस म्हणजे अशाच साखळ्या. पण दोन मणी जुळताना त्यायले थोडं पानी सोडा लागते. चारी मेरं पानीच पानी असन तं ते कायले सोडतीन? म्हणून वाळवाचं."

"आन् मीठ कायले?"

"तेच तं पाहाचं हाय. इरघळलेलं मीठ पान्याले धरून ठेवते. कोन्त्या मिठानं मणी जुळतेत, कोन्त्यानं अडतेत, हेच माह्यं सारं काम."

मी पाच वेळा नमाज पढणारा माणूस. जीव देणारा एकच, हे मला शिकवलेलं. मी तसं म्हणालो. त्या हसल्या नाहीत. "चाचा, मी जीव देऊन नाई राह्यली. मणी जुळतेत का तेवढंच पाहून राह्यली," म्हणाल्या. मला ते पटलं की नाही, कोण जाणे. घरी बायकोला, हुस्नाबीला, फळ्यावरचे गोल काढून दाखवले तर ती म्हणाली, तुम्हाला पगार बाटल्या धुवायचा मिळतो ना, मग धुवा. झालं, तिच्यापुरता प्रश्न मिटला. माझा मिटेना.

एक गोष्ट मी विचारली होती, ती नीट ऐकून घेतली असती तर पुढचं रामायण टळलं असतं. मी म्हणालो होतो, "आन् ही चौथी ओळ? हिच्यात तं काहीच नाई. हिचा काय फायदा?" मॅडमची तासाची घंटा झाली होती. पुस्तक उचलत त्या म्हणाल्या, "ती पायजेच, चाचा," आणि गेल्या. मी पुन्हा विचारलं नाही.

मार्चमध्ये त्यांना पेपर तपासायला आठ दिवस अमरावतीला जावं लागलं. नाही म्हणायची सोय नव्हती. जाताना त्यांनी कुप्या माझ्या हवाली केल्या. "चाचा, तुमच्याच भरवशावर जाऊन राह्यली," म्हणाल्या. मी म्हणालो, बिनघोर जा.

तीन दिवस सगळं ठीक झालं. चौथ्या दिवशी पाण्याच्या यंत्राची कॉइल जळाली. कॅनमध्ये साडेचार लिटर पाणी उरलं होतं आणि दिवस उरले होते पाच. चोवीस कुप्यांना पाच दिवसांसाठी सहा लिटर लागणार, एवढा हिशेब मलाही येतो. मॅडमला फोन करायला हवा होता. पण एकतीस वर्षांत मी कोणाला फोन करून विचारलं नव्हतं, आणि आता जाता जाता विचारायचं?

माझा मुलगा तनवीर बसस्टँडजवळ गॅरेज चालवतो. तो म्हणाला, अब्बा, माझ्याकडे बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन पडला आहे, घेऊन जा. मी त्याला असा झापला की गिऱ्हाईक बघत राहिलं. मॅडमचं तीन वर्षांचं काम आणि त्यात ट्रॅक्टरच्या बॅटरीचं पाणी! अक्कल गहाण टाकली आहेस का, म्हणालो.

आता आमच्या गावची एक गोष्ट सांगायला हवी. इकडे पाण्याची परीक्षा तुरीच्या डाळीनं होते. बोअरच्या पाण्यात डाळ टाकली तर आठ शिट्ट्या झाल्या तरी दाणा दातावर कडक लागतो आणि भांड्याला पांढरी खपली धरते. ईदगाहच्या मागे एक विहीर आहे. तिच्या पाण्यात तीन शिट्ट्यांत डाळ लोण्यासारखी होते. गावात लग्न असो, जेवणावळ असो, डाळीचं पाणी तिथूनच येतं. मारवाडी असो, कुणबी असो, आमच्यातला असो, सगळे सायकलला कॅन बांधून तिथे रांगेत. त्याहून स्वच्छ पाणी घाटंजीत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.

मी ते पाणी आणलं. फडक्यातून गाळलं, उकळलं, थंड केलं, पुन्हा गाळणीच्या कागदातून काढलं. इतकी मेहनत मी माझ्या चहासाठी कधी घेतली नाही. मग मी विचार केला, आणि तो विचार आजही मला टोचतो. यंत्राचं उरलेलं पाणी मिठाच्या तीन ओळींना ठेवावं. महत्त्वाच्या ओळी त्याच, त्यांत काहीतरी आहे. चौथ्या ओळीत काहीच नाही, तिचं काय बिघडणार? तिला विहिरीचं पाणी दिलं. पाचही दिवस दिलं. वहीत 'पाणी घातलं' या रकान्यात बरोबरची खूण केली. खोटी नव्हती ती. पाणी घातलंच होतं.

मॅडम आल्या, कुप्या जागच्या जागी पाहून खूश झाल्या आणि माझ्यासाठी अमरावतीहून आणलेला चिवडा दिला. नवी कॉइल यवतमाळहून मागवली, तनवीरनं ती बसवून दिली. प्रकरण संपलं, असं मला वाटलं.

मार्चअखेर त्यांनी सगळ्या कुप्या तपासायला घेतल्या. प्रत्येक कुपीतला थेंब जाड कागदावर टेकवायचा, कागद काचेच्या टाकीत टांगायचा, वाळला की औषध फवारायचं आणि गरम करायचं. सुटा मणी असेल तर जांभळा ठिपका एका जागी उमटतो, साखळी असेल तर दुसऱ्या. मिठाच्या ओळीत साखळीचे ठिपके आले. पोटॅशियमच्या ओळीत आले. मॅग्नेशियमच्या ओळीत फिकट आले. आणि चौथ्या ओळीत, जिच्यात काही नव्हतं, तिच्या सहाही कुप्यांत सगळ्यांत गडद ठिपके आले.

मॅडम कागद हातात धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी कागद उलटा करून पाहिला, जणू मागे काही लिहिलं असेल.

"चाचा, हे काय होऊन राह्यलं?"

मला काय ठाऊक! त्यांनी पुन्हा तपासलं. पुन्हा तेच. औषध बदललं, कागदाचा गठ्ठा बदलला, टाकी मी तीनदा घासली. तेच. तीन दिवस त्या खुर्चीवरून उठून टेबलाकडे जायच्या आणि टेबलाकडून खुर्चीकडे. "तीन वर्षं मी म्हणून राह्यली का मिठानं फरक पडते," त्या स्वतःशीच बोलायच्या. "आन् जिथं मीठच नाई तिथं सगळ्यात जास्त. मंग मी केलं काय इतके दिवस?"

आणि मी? खरं सांगतो, मी मनातल्या मनात फुगलो होतो. ईदगाहच्या विहिरीचं पाणी! डाळ तर शिजवतंच, मणीही जोडतं. एकदा तर फुशारकीनं सांगणारच होतो. तेवढ्यात पूनमसिंग सर आले.

पूनमसिंग सर म्हणजे मॅडमचे गाईड, यवतमाळला असतात. माणूस वाईट नाही, पण तोंडात साखर ठेवत नाही. त्यांनी कागद खिडकीकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "एक तर तुमच्या ओळी अदलाबदल झाल्या, नाही तर तुम्ही आकडे हवे तसे करायला गेलात आणि फसलात." मॅडमचं तोंड पांढरं पडलं. "हे विद्यापीठात दाखवू नका," सर म्हणाले. "मी तरी सही करणार नाही."

तेव्हा मला कळलं की ही शाबासकीची गोष्ट नाही. पण माझा गोंधळ आणखी वाढला. चांगलं पाणी घातल्यानं वाईट कसं होईल? विहीर चांगली, मी उकळलं चांगलं, गाळलं चांगलं, आणि मॅडम बुडतात कशा? कुठल्याच बाजूनं धागा लागेना. आणि माझंच पाणी कारण असेल तर एकतीस वर्षांचं नाव जातं. मी आठवडाभर गप्प राहिलो. हे लिहायला लाज वाटते, पण राहिलो. जेवण जाईना. हुस्नाबीनं विचारलं तर तिच्यावरच ओरडलो.

आठव्या दिवशी मॅडमनी कुप्या खोक्यात भरायला घेतल्या. टेबलावर अर्ज लिहून ठेवला होता, नोंदणी रद्द करण्याचा. मी म्हणालो, "मॅडम, हे काहून?"

"चाचा, ज्याचं उत्तर मले सोताले नाई सापडत, ते दुसऱ्याले काय सांगू?"

मग माझ्या तोंडून निघालंच. "चौथ्या ओळीत पाच दिवस विहिरीचं पानी टाकलं मी. ईदगाहच्या. पन चांगलं हाय ते, मॅडम. आईशप्पथ चांगलं हाय. डाळ शिजते त्यात."

त्यांनी हातातली कुपी खाली ठेवली. मी सायकल काढली आणि विहिरीवरून कॅन भरून आणला. त्यांनी चिनी मातीच्या बशीत ते पाणी घेतलं आणि बर्नरवर ठेवलं. पाणी आटत गेलं. शेवटी बशीत काही राहणार नाही अशी माझी खात्री होती. बशीत पांढरा थर राहिला, बोटानं खरवडता येईल एवढा.

"सोडा हाय यात, चाचा," त्या म्हणाल्या. "आनखी काय काय क्षार हायेत. सोडा हाय म्हणून तं डाळ शिजते. पानी उडून जाते, हे उडत नाई. पाच दिवस तुमी टाकलं, पाच दिवस हे साचत गेलं. सोड्यानं तं मणी आनखीच जुळतेत."

मी बशीकडे पाहत राहिलो. ज्याच्यामुळे मी त्या पाण्याला स्वच्छ समजलो तेच त्यातलं मीठ होतं. "मंग तनवीर तं बॅटरीचं पानी देऊन राह्यलता," मी कसाबसा म्हणालो.

"ते चाललं असतं! त्यात काही नसते!" आणि मग त्यांचा बांध फुटला. "आठ दिवस, चाचा! आठ दिवस मी सोताले चोर समजून राह्यली. रात रात जागून राह्यली. तुमी इथंच होते, माह्यासमोर झाडून राह्यलते, आन् एक शब्द नाई?"

एकतीस वर्षं मी लोकांवर ओरडलो. त्या दिवशी कोणीतरी माझ्यावर ओरडलं आणि मी मान खाली घालून ऐकलं. ऐकण्यासारखंच होतं ते.

शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, "चौथ्याच ओळीत काहून टाकलं?"

"तिच्यात काही नव्हतं ना, मॅडम. मले वाटलं, जिच्यात काहीच नाई तिचं काय बिघडते."

त्या स्टुलावर बसल्या. "चाचा, तिच्यात काही नाई म्हणूनच तं ती ठेवली. मिठानं काय केलं हे मले कसं समजन? बिनामिठाचं काय होते ते पाह्यल्यावरच ना? बाकी तीन ओळी तिच्याच भरवशावर उभ्या हायेत."

हे त्यांनी फेब्रुवारीत सांगितलं असतं तर मला कळलं असतं का? बहुतेक नाही. तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं यवतमाळला गेलो. मी पूनमसिंग सरांपुढे उभा राहून सगळं सांगितलं. सर म्हणाले, "मॅडमनी सांगितलं तर तुम्ही काहीही बोलाल." मला राग आला, पण माझी रागावण्याची पाळी नव्हती. शेवटी सरांनी अट घातली. सगळं पहिल्यापासून करायचं, चाळीस दिवस. पाचवी ओळ विहिरीच्या पाण्याची लावायची. पाचवीत साखळी आली आणि चौथीत काहीच आलं नाही, तर सही. चौथीत साखळीचा एक ठिपका जरी आला, तर विषय संपला. निघताना त्यांनी मॅडमना बजावलं, "आणि या गृहस्थांना त्या टेबलाजवळ येऊ देऊ नका."

अठरा एप्रिलला तीस कुप्या लागल्या. मी दाराशी झाडू घेऊन उभा होतो. मॅडमनी चार ओळींना स्वतः पाणी घातलं. मग मोजपात्र माझ्यासमोर धरलं.

"चौथी ओळ तुमची, चाचा."

"मॅडम, सर म्हणले..."

"सरायले मी पाहून घेईन. धरा."

पहिल्या कुपीचं पाणी मी तीनदा मोजून घातलं.

तीस एप्रिलला माझा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, आणि प्राचार्यांचं भाषण. मोहिउद्दीनभाईंच्या हातून एकतीस वर्षांत एकही चूक झाली नाही, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. शालीच्या आत मला घाम फुटला. उठून सांगावंसं वाटलं, पण सांगितलं तर मॅडमचं नाव निघालं असतं, म्हणून बसून राहिलो. मॅडम खाली बघत होत्या. त्या टाळ्यांइतकं मला आयुष्यात काही बोचलेलं नाही.

एक मेला सकाळी सात वाजता मी पुन्हा कॉलेजात हजर. कॉलेजला सुट्टी, रस्त्यावर कुत्रं नाही, ऊन पंचेचाळीसच्या घरात. हुस्नाबी म्हणाली, पगार होता तेव्हा तरी वेळेवर जायचात का? तनवीर रोज विचारायचा, अब्बा, आज जीव तयार झाला का? मी उत्तर देत नव्हतो. मला काय देता येणार? सृष्टीच्या सुरुवातीला डबकी होती की नव्हती, त्यांत कुठलं मीठ होतं, मणी आपोआप जुळले की कोणी जुळवले, यातलं मला तेव्हाही काही कळत नव्हतं, आजही कळत नाही. नमाजनंतर मी एकच दुआ मागायचो आणि मागताना स्वतःलाच वेड्यासारखा वाटायचो. दुनियेत लोक काहीतरी व्हावं म्हणून मागतात. मी मागत होतो, चौथ्या ओळीत काही होऊ नये.

चाळीसाव्या दिवशी संध्याकाळी मॅडमनी कागदांवर औषध फवारलं आणि ते भट्टीत ठेवले. पाच मिनिटं. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. पहिला कागद निघाला, साखळीचे ठिपके होते. दुसरा, होते. तिसरा, फिकट. मग त्यांनी पाचवा काढला, विहिरीचा. गडद जांभळा. चौथा त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता.

भिंग घेऊन त्यांनी तो तीनदा पाहिला. मग माझ्या हातात दिला. सहाच्या सहा जागी नुसता सुटा मणी. साखळीच्या जागी कोरा कागद. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. कोराच.

त्यांनी तिथूनच सरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. सगळ्या ओळींचं सांगून झाल्यावर सरांनी विचारलं, "चौथीला पाणी कोणी घातलं?"

"मोहिउद्दीन चाचांनी, सर."

"रोज?"

"चाळीसही दिवस."

"आणि त्यात काय आलं?"

"काहीच नाही आलं, सर," मॅडम म्हणाल्या.

"सोमवारी या," सर म्हणाले. "सही करतो. त्यांनाही घेऊन या."

मी स्टुलावर बसलो, तो कोरा कागद मांडीवर घेतला आणि अठ्ठावन्न वर्षांचा माणूस हमसून हमसून रडलो.